दुसरी धुलाई

आमच्या गल्लीच्या टोकाला लाँड्री आहे आणि लाँड्रीत वहिनी आहे. ती कुणाचीच सख्खी वहिनी नाही. पण शर्टावरच्या डागावरून तिच्याशी भांडायला गेलेला माणूसही परत येतो तो तिला वहिनी म्हणतच. मागच्या अंगणात दोऱ्या, पुढे इस्त्रीचं टेबल आणि टेबलामागे तिचा नवरा, म्हणजे आमचा दादा.

कारखान्याच्या भट्टीच्या धुराने दादाची छाती पार कामातून गेली होती. डॉक्टरांनी त्याला गाव सोडायला लावलं आणि तो लांब बहिणीकडे जाऊन राहिला. मग धुराचा कायदा आला. कारखान्याला धुरांड्यात गाळणी बसवावी लागली, बरं इंधन जाळावं लागलं, आणि दादा घरी आला. "कायद्याने परत आणून दिलेला नवरा," असं मी त्याला चिडवते. तो म्हणतो, "मग कायदा जपा, नाहीतर माल परत जाईल."

यंदा तीच वेळ आली. कायदा परवडत नाही म्हणून कारखान्याने रड लावली आणि तो राबवणाऱ्या समितीने चाचणीपुरती सूट दिली. सुनावणीपर्यंत गावातून तक्रार आली नाही, तर सूट कायमची. भट्टीत पुन्हा हलक्या प्रतीचा कोळसा पडू लागला. त्याने आपली छाती भाजते आणि वरचं आभाळही तापतं, हे मी चौकात घसा फोडून सांगितलं. लोक म्हणाले, "ताई, धूर आहे कुठे? कपडे बघा, कसे झक्क आहेत."

तिकडे माळ्यावरून दादाची बॅग खाली आली होती.

मी तणतणत लाँड्रीत शिरले. "वहिनी, कारखान्याने लिहून दिलंय, गावातून एकही तक्रार नाही."

वहिनी दोरीवरची वाळलेली चादर काढून पुन्हा टबात बुडवत होती.

"हे काय? वाळलेली परत पाण्यात?"

"काजळी बसते. हल्ली सगळंच दोनदा धुते. माझ्या हातून मळका कपडा कधी गेलेला नाही."

टेबलामागे दादा खोकला. मी त्याच्याकडे पाहिलं, मग चादरीकडे.

"म्हणजे गावाची तक्रार तूच रोज धुऊन टाकतेस."

"मग काय, मळके कपडे देऊ? त्यापेक्षा दुकानाला कुलूप लावेन."

"लाव. दादाला पोचवायला तरी मोकळी होशील."

चादर माझ्या तोंडावर आली. पिळलेली होती, एवढीच तिची कृपा.

पण दुसऱ्या दिवसापासून तिने दुसरी धुलाई बंद केली. काजळीचे ठिपके पडलेले कपडे देताना ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नसे. "वहिनी, डोळे गेले का?" कुणी विचारलं की म्हणायची, "जे काय आहे ते सुनावणीला येऊन बोला."

माझ्या सभेला चार माणसं यायची, त्यातला एक पंख्याखाली डुलक्या काढायला. सुनावणीला मात्र सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या हातात शर्ट, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ. मला जरा झोंबलंच.

"तक्रार कुणाविरुद्ध?" अध्यक्षांनी विचारलं.

"लाँड्रीविरुद्ध," सगळे एका सुरात.

वहिनी उठली. "कपडे स्वच्छच धुतले होते. दोरीवर वाळेपर्यंत असे झाले. आधी मी ते गुपचूप पुन्हा धूत होते." तिने दादाकडे हात केला. "यांची छाती कशी धुऊ?"

पायाशी पिशवी ठेवून बसलेले कारखान्याचे मॅनेजर म्हणाले, "रस्त्यावरची धूळ असेल."

"धूळ झटकली की जाते, साहेब. तुमच्या पिशवीतला शर्ट झटकून दाखवा बरं."

साहेबांनी पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, हेसुद्धा लाँड्रीशी भांडायलाच आलेत." अध्यक्षांनाही हसू लपवता आलं नाही. लाँड्रीविरुद्धच्या तक्रारी भट्टीविरुद्ध लिहून घेतल्या गेल्या आणि सूट तिथल्या तिथे रद्द झाली.

दादाची बॅग माळ्यावर गेली. वहिनीने ते सगळे कपडे फुकट धुऊन दिले. साहेबांचा शर्ट तेवढा दिलेला नाही. तो रोज सकाळी भट्टीच्या बाजूच्या दोरीवर चढतो आणि संध्याकाळी वहिनी त्याची कॉलर उलटून बघते.

"साहेब मागत नाहीत?" मी विचारलं.

"मागतात. मी सांगते, अजून वाळतोय."