सिंहासनाचा रंग ओला होता

राजुऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. बांधली तेव्हा ती पाहुण्यांसाठी होती. पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात तिथे एकदा झोपलेला पाहुणा पुन्हा मुक्कामाला येत नसे, म्हणून हळूहळू ती जुन्या गाद्या आणि कूलरच्या सांगाड्यांची झाली. घरून काम केलं तरी चालेल असं कंपनीने सांगितलं तेव्हा मी तिशी ओलांडलेली, पुण्यातलं बिऱ्हाड गुंडाळून आईबाबांकडे परत आले आणि ती खोली मागून घेतली. आईला वाटलं, टेबल-खुर्ची मांडून ऑफिसचं काम करणार. मला तिथे ड्रॅगनची गुहा करायची होती.

लहानपणापासून मला गुहा, खजिने, आग ओकणारे प्राणी यांचं वेड. पुण्यात घरमालकाने भिंतीला खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता. इथे घरमालक माझेच बाबा होते.

"ड्रॅगन म्हंजे काय असते?" आईने विचारलं. मी मोबाईलवर चित्र दाखवलं. तिने चष्मा वर करून पाहिलं.

"ही तं सुसर आहे. पंख लावलेली. घरात सुसर कोण ठेवते वं?"

बाबांनीही चित्र पाहिलं, पण त्यांचं लक्ष सुसरीकडे नव्हतंच. बाबांची सगळी नोकरी कोळसा खाणीत, जमिनीखाली गेलेली. निवृत्त झाल्यापासून ते घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. ते म्हणाले, "गुहा तं ठीक आहे. छताले आधार काय देशीन?"

"बाबा, छत स्लॅबचं आहे."

"सगळे असंच म्हणतात," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार बल्ल्या, म्हणजे लाकडाचे जाड खांब, घेऊन आले.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या आमच्या भागात कुठेही मिळतात. त्या चुरगाळून, खळीत बुडवून भिंतींना आणि छताला चिकटवल्या, वर करडा रंग मारला, की अगदी खडक. रोज सकाळी बाबा काठीने छत ठोकून आवाज ऐकायचे आणि मान डोलवायचे. आवाज सिमेंटच्या पिशवीचा यायचा, पण त्यांना तो पटायचा. आणखी एक हट्ट त्यांनी धरला. गुहेला बाहेर पडायचे दोन रस्ते पाहिजेत. खोलीच्या मागच्या बाजूला टाकीकडे उघडणारं एक दार होतं, कित्येक वर्षं गंजून बंद. बाबांनी ते तेल घालून, लाथा घालून उघडलं.

ड्रॅगनचा सांगाडा बांबूचा. तो बुरुडाकडून बांधून आणला. त्याने विचारलं, हा नाग आहे की गाय? मी म्हटलं, दोन्हीच्या मधलं काहीतरी. त्यावर रद्दीचा लगदा थापला, किडे लागू नयेत म्हणून त्यात मेथ्यांची पूड. अंगावरच्या खवल्यांसाठी पळसाच्या पत्रावळ्या कापून एकावर एक शिवल्या. वाळल्यावर त्या अशा सुंदर वळल्या की मला स्वतःचाच अभिमान वाटला. फक्त खोलीत सतत कुणाच्या तरी तेरवीच्या पंगतीसारखा वास यायला लागला.

डोळे बाबांनी बसवले. स्कूटरचे जुने इंडिकेटर. बटण दाबलं की दोन्ही डोळे नारिंगी लुकलुकणार, असा बेत होता. पण उजवा डोळा काही केल्या पेटेना. नुसता डावा टिक् टिक् करत उघडझाप करायचा. त्यामुळे तो भयंकर प्राणी समोरच्याला डोळा मारतोय असं वाटायचं.

"डावीकडे वळून राह्यला," बाबा म्हणाले. "वळू दे."

शेवटचं सिंहासन. प्लास्टिकची जुनी खुर्ची, पाठीला बांबूचे दोन पंख, हातांवर लगद्याच्या कवट्या आणि वरून सोनेरी ऑइलपेंट. ते पूर्ण होत होतं, तेवढ्यात तुळशीची लग्नं लागली, आणि आमच्या घरी मला पाहायला पाहुणे येणार असल्याचं कळलं. गडचिरोलीकडचे, मार्कंड्याजवळच्या गावचे. मुलगा चंद्रपूरला बँकेत.

आईने पाहुणे यायच्या दिवशी गुहेला कुलूप ठोकलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये खोचली. "त्याइले वर न्यायचं नाई. त्या सुसरीचं नावबी काढायचं नाई. समजलं?" आम्ही दोघांनी माना हलवल्या.

मुलाची आई म्हणजे उंच, भरदार, मोरपंखी रेशमी साडीतली बाई. आवाज असा की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आपल्याशीच बोलताहेत असं वाटावं. वडील नव्हते, कारभार सगळा त्यांचाच. मुलगा त्यांच्या मागे सावलीसारखा आला आणि सोफ्याच्या टोकावर बसला. पोहे झाले, चहा झाला. मग त्यांनी विचारलं, "पोट्टीले छंद काय आहे?"

आई म्हणाली, "विणकाम."

बाबा त्याच वेळी म्हणाले, "गुहा."

"काय?"

"गुहा केली तिनं. वरती. मी टेकू दिले," बाबा म्हणाले. एवढी वर्षं लोकांनी खोदलेल्या जागेत काम केलेला माणूस. स्वतःच्या हाताची गुहा घरात असताना तो गप्प राहणं शक्यच नव्हतं. "चला, दाखवतो."

"कुलूप आहे," आई दातओठ खात म्हणाली.

"दुसरा रस्ता आहे ना," बाबा म्हणाले.

अशी आमची वरात टाकीला वळसा घालून मागच्या दाराने गुहेत शिरली. बाबांनी बटण दाबलं. अंधारात ड्रॅगन मुलाच्या आईला डोळा मारू लागला.

"अरे बाप्पा!" त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता सगळं संपलं. पण त्यांनी पंख चाचपून पाहिले, खडकावर नख मारून पाहिलं आणि सिंहासनापाशी येऊन थांबल्या. "बसू काय?"

"बसा ना," मी म्हटलं. रंगाला दोन दिवस होऊन गेले होते. पण त्या दिवशी पहाटे, पाहुणे येणार म्हणून, बाबांनी त्यावर आणखी एक हात मारला होता. तो कुणाला दाखवणार होते कोण जाणे, कारण वर न्यायचं नाही हे तर ठरलं होतं. आणि मला ते सांगायला ते विसरले होते.

त्या बसल्या. ऐटीत बसल्या, पाठ टेकली, दोन्ही हात कवट्यांवर ठेवले. "मस्त आहे," त्या म्हणाल्या, आणि उठायला गेल्या, तर खुर्चीही उठली.

बाबा पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "बाई, हलू नका. हललं की जास्त धरते."

"काय धरते?"

"रंग."

आई खाली माती-तेल, म्हणजे रॉकेल, आणायला धावली. बाबा खुर्चीभोवती फिरून कुठून सोडवता येईल ते बघू लागले, जणू कुणी ढिगाऱ्याखाली अडकलंय. मला काय करावं सुचेना, म्हणून मी मुलाकडे पाहिलं, तर तो जागेवर नव्हता. ड्रॅगनच्या पोटातून त्याचे पाय बाहेर आलेले दिसले.

मी वाकून आत डोकावले. तो वायर चाचपत होता. "इथी वायर निसटली," तो म्हणाला. "म्हणून उजवा लागत नाई." मी आत सरकून मोबाईलचा उजेड धरला. पत्रावळ्यांच्या वासात, बांबूच्या फासळ्यांमध्ये आम्ही दोघं उकिडवे बसलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुम्हाले एक सांगू काय? रागावू नका. माझं एका मुलीशी जमलं आहे. बँकेतच आहे. सिरोंच्याची, तेलुगू बोलते घरी. आईले सांगायची हिंमत नाई झाली. म्हणून इथपर्यंत आलो."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. लग्न करायचं तर ही खोली सोडावी लागली असती.

"मग आत्ता सांगा," मी म्हटलं.

"आत्ता?"

"त्यांना उठता येत नाही आहे."

मग त्याने वायर जोडली, ड्रॅगनच्या पोटातून बाहेर आला, आईसमोर उभा राहिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मागे ड्रॅगनचे दोन्ही डोळे लुकलुकत होते.

त्या बाईंनी उठायचा एक प्रयत्न केला. खुर्ची करकरली. त्या परत बसल्या. "तू मले इथी चिपकवून हे सांगून राह्यला?"

"मी नाई चिपकवलं, आई."

"किती दिवसांपासून आहे हे?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं! अन् मी इथी दुसऱ्याच्या पोट्टीचे पोहे खाऊन राह्यली!" त्यांनी कवटीवर मूठ आपटली. कवटीचा जबडा निखळून खाली पडला. बाबांनी तो उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "तेलुगू म्हंजे, मी तिच्या मायशी बोलू कशी?"

"मले येते तेलुगू," बाबा लगेच म्हणाले. बाबांना खाणीतल्या सोबत्यांकडून शिकलेली तीनच वाक्यं येतात. दोन चहाबद्दल आहेत आणि एक 'पळा, छत येतंय' असं आहे. पण त्या बाईंना तेवढ्याने धीर आला असावा. "पोट्टी चांगली आहे काय?" त्यांनी विचारलं. मुलगा मान खाली घालून हसला. "हसून काय राह्यला? फोटो दाखव."

आई माती-तेल घेऊन वर आली तेव्हा सगळे एका मोबाईलवर वाकलेले. तिला वाटलं, माझा होकार झाला. मी कानात खरं सांगितलं. तिने आधी मला चिमटा काढला, मग फोटो पाहिला आणि म्हणाली, "गोड आहे हो."

माती-तेलाने काही भागलं नाही. शेवटी आईने आपली एक सुती साडी आणली, आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं. आतून बराच वेळ दोघींच्या हसण्याचे आवाज येत होते. दार उघडलं तेव्हा त्या बाई आईच्या साडीत होत्या आणि मोरपंखी साडी सिंहासनावर एकटीच बसली होती.

पाहुणे गेल्यावर आई पहिल्यांदाच गुहेत निवांत टेकली, बल्लीला पाठ लावून. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तिने चारी बाजूंना पाहिलं.

"एवढं सगळं केलं," ती म्हणाली. "सुसरीले पाणी कुठी आहे?"

"ड्रॅगनला पाणी लागत नाही, आई."

"सुसरीले लागते. त्या कोपऱ्यात धबधबा करा. वरून असा पडला पाहिजे."

बाबा तोवर जुन्या कूलरचा पंप शोधायला उठलेसुद्धा होते. हिवाळाभर आमचं ते चाललं. पाइप टाकीला जोडला, खडकावरून पाणी सोडलं, खाली परातीत शंख-शिंपले मांडले. आईने स्वतः नारळ फोडून बटण दाबलं. धबधबा छान पडला. तो खालच्या स्वयंपाकघरातही पडतोय हे आम्हाला कणीक भिजल्यावर कळलं.

"तुमचा टेकू कच्चा," आई बाबांना म्हणाली, आणि डब्यांवर ताट झाकून पुन्हा वर पाहायला गेली.