जोड्यांची ओळ

कारध्यात पुष्पाबाईला ओळखत नाही असं माणूस सापडलं नसतं. पण ती ओळख म्हणजे भय्याजीची बायको, कैलाशची आई, रुपाची सासू, एवढीच. चाळीस वर्षं गावात काढून तिच्या एकटीचं म्हणावं असं काही असेल, तर तो दर गुरुवारी दुपारी सत्यभामा मॅडमच्या पडवीत मांडला जाणारा परदेशी खेळ होता. त्यातली एक ओळ तिला हवी होती. ती तिला मिळाली नाही, आणि त्यात आपला हात होता, ही गोष्ट मॅडमना आजही गिळता येत नाही.

मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. शिस्तीच्या इतक्या, की चूक दिसली की अजूनही बोटं लाल पेन शोधतात. मुलगा अंकुश अमेरिकेत. सून भावनाच्या बाळंतपणाला त्या सहा महिने तिकडे गेल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खिडकीत कंटाळून गेल्या. खाली एका हॉलमध्ये दर मंगळवारी म्हाताऱ्या अमेरिकन बायका माहजाँग खेळत. मॅडमचं इंग्रजी पाचवीच्या पुस्तकाएवढं. तरी त्या रोज जाऊन बसल्या, पाहून पाहून शिकल्या आणि येताना त्या खेळाच्या चपट्या चौकोनी गोट्यांची एक पेटी घेऊन आल्या. नागपूरच्या विमानतळावर साहेबाने ती उघडून विचारलं, हे काय औषध आहे काय? मॅडम म्हणाल्या, तसंच समजा.

खेळाला चार गडी लागतात. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या गोदावरीबाई आल्या, त्यांनी शेजारच्या आनंदाबाईला ओढून आणलं. चौथी कोणी मिळेना. पुष्पाबाई त्या दिवशी लाखोरीची डाळ द्यायला म्हणून आली होती. मॅडम म्हणाल्या, "बसा."

"मी चौथी शिकली जी मॅडम. मले काय जमते?"

"आकडे येतात ना?"

"एसटीच्या पाटीवरचे येतात."

"तेच आहेत."

एकशे बावन्न गोट्या, बहुतेक प्रत्येक चार-चार. बांबूच्या, गोल टिकल्यांच्या, चिनी अक्षरांच्या, वर चार दिशांचे वारे, फुलं, ड्रॅगन आणि आठ जोकर. पांढऱ्या ड्रॅगनला अमेरिकेतल्या बायकाही साबणच म्हणत, त्यामुळे ते नाव कारध्यातही चाललं. प्रत्येकीपुढे एक फळी, तिच्यावर तेरा गोट्या, तो तिचा हात. सुरुवातीला आपल्याला नको त्या तीन-तीन गोट्या एकमेकींना द्यायच्या, एकदा उजवीकडे, एकदा समोर, एकदा डावीकडे. गोदावरीबाईंनी त्याला वाण म्हणायला सुरुवात केली. मग मधे रचलेल्या गोट्यांच्या भिंतीतून एकेक उचलायची, एकेक टाकायची आणि कार्डावर छापलेल्या ओळींपैकी एखादी ओळ पुरी करायची. कार्ड दर वर्षी एप्रिलमध्ये नवं निघतं, अंकुश ते पाठवतो. जुन्या ओळी त्याबरोबर बाद होतात. मॅडम नवं कार्ड पुठ्ठ्यावर मराठीत उतरवून प्रत्येकीला एकेक देत.

पहिले काही महिने पुष्पाबाई येताना आपली पाण्याची बाटली घेऊन यायची. मॅडमच्या पडवीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता आणि त्या बाटलीचा अर्थ मॅडमना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या चहा मात्र दर वेळी चार कप करत आणि चौथा कप गार झाला की स्वतः पीत. एका गुरुवारी, डाव रंगात आला असताना, पुष्पाबाईने गोट्यांवरची नजर न काढता हात लांब केला आणि ती तो कप उचलून प्याली. बाटली पुन्हा आली नाही. याबद्दल दोघींमध्ये कधी एक शब्द झाला नाही.

पाच महिने ती नुसती हरली. मॅडम कुणालाही सोडत नसत आणि तिला तर मुळीच नाही. "कोण काय ठेवते ते दिसत नाही पुष्पाबाई, कोण काय टाकते ते दिसते. टाकलेलं वाचा," हे त्यांचं पालुपद. आणि दुसरं, "वाणात जोडी कधी देऊ नये. जोडी फुटली की हात फुटला." पुष्पाबाई ऐकायची आणि धानाच्या रोवण्याच्या चिखलात परह्याच्या, म्हणजे रोपांच्या, काड्या मोजणारी ती बोटं गोट्यांवर फिरवायची. सहाव्या महिन्यात जिंकली. मग महिन्यातून एकदा, मग दर गुरुवारी एकदा तरी. एका दुपारी मॅडम तिच्याकडून सलग चार डाव हरल्या आणि त्या संध्याकाळी त्यांचा भात करपला. खरं सांगायचं तर त्या भातासारखा आनंद त्यांना निवृत्तीनंतर दुसऱ्या कशाने झाला नव्हता. आपल्याला हरवील असं माणूस त्यांनी स्वतः घडवलं होतं.

मग पुष्पाबाईच्या पायावर सूज आली. चेहऱ्यावर आली. भंडाऱ्याला नेलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. मंगळवार आणि शनिवार वैनगंगेच्या पुलापलीकडे डायलिसिस, आणि मधल्या गुरुवारी खेळ. पाण्यावर बंदी. ज्या बाईने चहाचा पहिला कप उचलायला इतके महिने लावले, तिला आता दिवसातून मोजून अर्धा कप चहा लिहून दिला होता. तो ती गुरुवारी इथेच प्यायची.

त्या एप्रिलच्या कार्डात खालच्या कोपऱ्यात एक ओळ होती. सगळ्या जोड्याच. फुलांची जोडी, मग टिकल्यांचे दोन, चार, सहा, आठ, आणि शेवटी साबण नि लाल ड्रॅगन. सात जोड्या. त्यात जोकर चालत नाही. दुसरीने टाकलेली गोटी घेता येत नाही, फक्त ओळ पुरी करणारी शेवटची घेता येते. पुष्पाबाईने तिच्यावर बोट ठेवलं.

"हे कराची आहे मले."

"फार अवघड आहे ती. तिकडच्या बायकाही तिच्या नादी लागत नव्हत्या."

"म्हणूनच तं."

ती वर्षभर त्या ओळीमागे लागली. सोप्या ओळी हातात आल्या तरी सोडून द्यायची. हरायची, पुन्हा मांडायची. हाताला कंप सुटला, सुया टोचून टोचून दंड काळानिळा झाला, फळीवरच्या गोट्या कधी कधी पडायच्या. फेब्रुवारीत डॉक्टरांनी कैलाशला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. रुपाने ते गोदावरीबाईंना सांगितलं, आणि गोदावरीबाई मॅडमच्या स्वयंपाकघरात येऊन रडल्या.

"तिची ते ओळ एकदा लागू द्या ना, मॅडम. काय बिघडते?"

मॅडमनी उभ्या जन्मात एका पोराला कॉपी करू दिली नव्हती. पण त्या दिवशी त्या हो म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी वाणात गोदावरीबाईंनी दोन फुलं दिली. आनंदाबाईने दोन साबण दिले. मॅडमनी स्वतःचा चांगला हात मोडून टिकल्यांचे दोन आठ सरकवले. बाकीच्या गोट्या पुष्पाबाईने उचलून उचलून जमवल्या, त्याला अर्धा तास लागला. शेवटी मॅडमनी टिकल्यांचा दोन टाकला.

"झालं," पुष्पाबाई म्हणाली आणि गोट्या उताण्या केल्या. सात जोड्या. गोदावरीबाईंनी टाळ्या वाजवल्या, आनंदाबाईने डोळे पुसले.

पुष्पाबाई हसली नाही. ती त्या गोट्यांकडे बघत राहिली, मग एकेकीच्या फळीकडे.

"दोन फुलं," ती म्हणाली. "मंग दोन साबण. मंग दोन आठ. तिघींनीबी जोडी देल्ली. अन् हा दोन तुमी भिंतीवरून नाई उचलला मॅडम, पयल्यापासून फळीवर होता तुमच्या. डाव्या टोकाले."

 टाकलेलं वाचायला तिला मॅडमनीच शिकवलं होतं, आणि आता शिकवणारीच पकडली जावी इतकी ती तयार झाली होती. तिने अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि पदर सावरत निघून गेली.

दोन गुरुवार ती आली नाही. तिसऱ्या आठवड्यात मॅडम तिच्या घरी गेल्या. पुष्पाबाई ओसरीतल्या खाटेवर होती. रुपाने मॅडमना खुर्ची दिली आणि आत गेली. मॅडमना माफी मागायची सवय नव्हती. त्यांनी आयुष्यभर ती दुसऱ्यांना मागायला लावली होती.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

पुष्पाबाई छताकडे बघत हळूहळू बोलली. 

"लगन करून आली तं जाऊबाईनं आपली लुगडी देल्ली. कैलाशच्या बापानं सांगतलं तसं केलं. आता कैलाश गाडीवर बसवून नेते, सून पाण्याचा गुंड उचलू देत नाई, तिकडची नर्सबाई बेटा म्हणते. सारेच देऊन राहिले मले. तुमच्या पडवीत कोणी काही देत नव्हतं, मॅडम. तुमी मले पाच मयने हरवलं. मी घरी येऊन रडत होती, पण बरं वाटे. का हे बाई मले बरोबरीची समजते."

 मॅडमनी तिचा सुजलेला हात हातात घेतला, तर तो तिने काढून घेतला.

"येईन मी गुरुवारी. पण खरं खेळजा. मी मरून राहिली म्हणून नोका खेळजा."

मॅडमनी शब्द दिला.

गुरुवारी कैलाशने तिला मोटारसायकलवरून आणून खुर्चीत बसवलं. मॅडमनी गोदावरीबाई आणि आनंदाबाईला आधीच दम भरला होता. दोन डाव साधे गेले. तिसऱ्या डावात पुष्पाबाईने बांबू टाकले, अक्षरं टाकली, वारे टाकले. एकही फूल टाकलं नाही, सम आकड्याची एकही टिकली टाकली नाही. मॅडमना कळलं, ती पुन्हा जोड्यांच्या ओळीवर आहे. दोन आठ, दोन साबण टेबलावर येऊन गेले होते, पण ती ती ओळ सोडत नव्हती, म्हणजे त्या जोड्या तिच्याकडे भरल्या होत्या. हळूहळू मोजत गेल्यावर उरला एकच आकडा, टिकल्यांचा सहा. दोन सहा डावाच्या सुरुवातीलाच टेबलावर येऊन पडले होते. एक तिच्याकडे असणार. चौथा मॅडमच्या फळीवर होता.

तो मॅडमना कशालाच उपयोगाचा नव्हता. टाकला असता तर डाव तिथेच संपला असता. दर वेळी त्यांची पाळी आली की बोट त्या सहावर जायचं आणि पुढे सरकायचं. एरवी समोर कोणीही असतं तरी तो त्यांनी टाकला नसता, आपला हात मोडून दाबून धरला असता. म्हणून त्यांनी तसंच केलं. आपली ओळ मोडली, चांगले चांगले बांबू टाकले. पुष्पाबाई प्रत्येक गोटी उचलायची, उताणी करून पाहायची आणि टाकायची. भिंतीतल्या वीस गोट्या राहिल्या, मग दहा, मग दोन. मॅडमना वाटत होतं की उठावं आणि पेटीसकट सगळं वैनगंगेत नेऊन टाकावं. भिंत संपली. कोणीच जिंकलं नाही.

"सहा कोणाजवळ होता?" पुष्पाबाईने विचारलं.

मॅडमनी तो उचलून तिच्यापुढे ठेवला. तिने तो आपल्या एकट्या सहाच्या शेजारी नेऊन लावला. सात जोड्या टेबलावर पुऱ्या झाल्या. तिने त्या क्षणभर पाहिल्या आणि स्वतःच दोन्ही हातांनी विस्कटून गोट्या मिसळल्या.

"आता खेळल्या तुमी," ती म्हणाली आणि आपला अर्धा कप चहा प्याली.

पण मॅडमनी तिचा चेहरा पाहिला होता. त्यात समाधान होतं हे खरं. आणि गोटी उताणी करून पाहताना दर वेळी जे होतं, तेही होतंच. ती हावरी, शाळकरी आशा. ती काही गेली नव्हती.

नऊ दिवसांनी पुष्पाबाई गेली. शनिवारी डायलिसिसवरून परतताना पुलावरच.

तेरवी झाल्यावर भय्याजी मॅडमकडे आले. हातात तो पुठ्ठा होता, मॅडमच्या अक्षरातला, जोड्यांच्या ओळीवर बोट फिरून फिरून शाई पुसट झालेला. "तुमची वस्तू," म्हणत त्यांनी तो टेबलावर ठेवला. नवं कार्ड त्याच आठवड्यात आलं होतं. त्यात ती ओळ नव्हती.

मॅडमनी चहा दिला. भय्याजी कप हातात धरून बसले.

"गोदावरीबाई सांगून राहिली होती, तिची ते ओळ एकदा लागली म्हणून. तुमी साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या म्हणते. तिले इचारलं होतं मी, तं म्हणे, ते मी नाई धरत. खरं काय आहे जी?"

लागली होती म्हणणं सोपं होतं. म्हातारा तेवढंच घेऊन घरी गेला असता.

"नाही लागली," मॅडम म्हणाल्या. "एका गोटीने राहिली."

"ते गोटी कोणाजवळ होती?"

"माझ्याजवळ."

भय्याजींनी कप खाली ठेवला. "तुमाले मालूम होतं? तिले तेच पाह्यजे म्हणून?"

"मालूम होतं."

त्यांनी तो पुठ्ठा पुन्हा जवळ ओढला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मंग देऊन टाकाची होती ना जी मॅडम. एक गोटीच तं होती."

या बोलण्याला उत्तर होतं. पुष्पाबाईनेच ते ओसरीतल्या खाटेवर पडून दिलं होतं, शब्द न् शब्द मॅडमना पाठ होता. पण चाळीस वर्षांत जे तिने नवऱ्याला सांगितलं नाही, ते तिच्या मागे आपण कसं सांगायचं?  समोरच्या माणसाला एक होकारच ऐकायचा होता.

"हो भय्याजी," मॅडम म्हणाल्या. "द्यायला पाहिजे होती."

भय्याजींनी मान हलवली, टोपी नीट केली आणि ते गेले. आपण आत्ता म्हाताऱ्याची कीव करून बोललो की मनातलं खरं बोललो, ते मॅडमना कळेना. कळलं असतं फक्त पुष्पाबाईला. ती टाकलेलं वाचायची.