आईविना निघालेलं जहाज
दुकानात नव्या कॅनव्हासच्या बुटांचा वास आला, की मला वाशीच्या आमच्या दोन खोल्यांतला तो ऐंशीच्या दशकातला उन्हाळा आठवतो. बाबा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होते आणि आईला सोबत न्यायची परवानगी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. रात्री जेवणं झाली की ते माझ्या शाळेच्या नकाशावर भूमध्य समुद्रातली बंदरं बोटानं दाखवत. जन्मभर चपलांत वावरलेली आई डेकवर घसरू नये म्हणून घेतलेले बूट घालून, खाडीचा खारा वारा येणाऱ्या गॅलरीत चालायचा सराव करायची. ‘तिकडं पोळपाट-लाटणं नेऊ का हो?’ असं विचारून स्वतःच हसायची. मग प्रवासाआधीच्या तपासणीत डॉक्टरांना तिच्या छातीत गाठ सापडली. बाबा म्हणाले, ‘मीही जात नाही.’ आई म्हणाली, ‘तुम्ही थांबलात, तर मला काहीतरी मोठं झालंय असंच वाटत राहील. जा तुम्ही. पुढच्या उन्हाळ्यात दोघं जाऊ.’ बाबा गेले. पावसाळा संपायच्या आत आई गेली, तेव्हा त्यांचं जहाज भर समुद्रात होतं. ते घरी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. ‘माझी आठवण काढायची का गं?’ त्यांनी दारातच विचारलं. मी म्हटलं, ‘जहाज कुठं पोचलं असेल, एवढंच रोज विचारायची.’ ते तिथंच उंबऱ्यावर बसले. आज मी आईपेक्षा वयानं मोठी आहे. तिनं त्यांना का पाठवलं, ते मला आता कळतं. आपण का गेलो, हे बाबांना मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.