पट्टा आणून देणारी पोर

माझी जीभ तिखट आहे, हे अख्ख्या बोरगाव मेघेला ठाऊक आहे. मार खाऊन आलेली बाई आमच्या महिला मदत केंद्रात टेकली न टेकली की तिच्या मागोमाग सासू येते, दीर येतो, गावातला एखादा पुढारी मिशीला पीळ देत येतो, आणि या सगळ्यांना मी एकटी पुरून उरते. ठाण्यातले साहेब मला पाहिलं की आधी खुर्ची पुढे करतात. आदर कसला बाप्पा, वाद नको म्हणून. मीसुद्धा एक दिवस अशीच आंजीच्या सासरहून नेसत्या साडीनिशी, पोरीचं बोट धरून निघून आले होते, म्हणून या बायांशी मला बोलता येतं.

पहिल्यांदा सभेत बोलायला उभी केली तेव्हा मी लिहून आणलेला कागद काढला. केंद्रातल्या मोठ्या ताई म्हणाल्या, भाषण नको करू, घडलं ते सांग. मी सांगितलं. मार सांगितला, उपास सांगितले, माहेरच्यांनी दोनदा परत नेऊन घातलं तेही सांगितलं. बाया ऐकत होत्या, पण मागच्या काही जणी आपसात सोयाबीनच्या भावाचं बोलत होत्या. त्यांचंही बरोबरच होतं, मार त्यांना काय नवा?

मग एका गावी बोलता बोलता तोंडून निघून गेलं. नवरा ओट्यावर बसून "पट्टा आण" म्हणायचा आणि माझी सहा-सात वर्षांची पोर दारामागच्या खुंटीवरून पट्टा काढून त्याच्या हातात द्यायची. हात पुरायचा नाही, तर तेलाचा पिपा उपडा घालून त्यावर चढायची. सभा चिडीचूप झाली. पदर डोळ्यांना लागले.

त्या दिवसापासून ही गोष्ट मी कधी सोडली नाही. आवाज कुठे खाली आणायचा, पिप्यापाशी किती थांबायचं, सगळं जमत गेलं. "पाहा, मारक्या घरात लेकरू काय शिकतं ते," असं म्हणून मी पाणी प्यायची. तहान नसली तरी प्यायची. नंतर बाया जवळ यायच्या, म्हणायच्या, ताई, माझा पोरगा पण तसाच आहे हो, मी काय करू? त्यातल्या कितीतरी आज आपल्या पायावर उभ्या आहेत. लोक मला नेता म्हणू लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पोरगी मोठी झाली. वर्ध्याला नर्सिंगला लागली, होस्टेलवर राहू लागली. रविवारी घरी यायची. मी पाटोडीचा रस्सा करायची, ती ताट घेऊन माझ्या पलंगावर बसायची आणि वॉर्डातल्या गमती सांगायची. मागच्या हिवाळ्यात तिच्याच कॉलेजनं मला बोलावलं, घरातल्या हिंसाचारावर मुलींशी बोला म्हणून. मी फुगून बसले. साडीला इस्त्री करून आणली. पोरीचा फोन आला, "आई, दुसऱ्या कोणाले पाठव ना." माझं डोकंच फिरलं. आईची लाज वाटते का तुले, असं मी तिला सुनावलं.  तिनं फोन ठेवून दिला.

हॉलमध्ये ती तिसऱ्या रांगेत होती. ती मला दिसत होती, तरी तोंड आपल्या सवयीनं चालत राहिलं. पट्ट्यापाशी आले तेव्हा तिच्या बाजूच्या दोन पोरी वळून तिच्याकडे पाहू लागल्या. ती मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. हे मी पाहिलं. पाहूनही वाक्य पुरं केलं, पिप्यासकट. टाळ्या झाल्या, आणि त्या चालू असतानाच ती बाजूच्या दारानं निघून गेली.

त्या रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. फोन केला की म्हणे, परीक्षा आहे. परीक्षा कुठली? मला का कळत नव्हतं? दिवसभर मी दुसऱ्यांची घरं सांधत फिरायची आणि घरी येऊन एकटीच जेवायची. मी पोरीला भर चौकात उघडी केली, हे मनातून जात नव्हतं.

त्यात हिंगणघाटचा कार्यक्रम आला. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बाया होत्या. मी ठरवून गेले होते, आज पट्टा नाही. बोलायला लागले. समोर एक बाई बसली होती, मांडीवर लेकरू, गाल सुजलेला, तो पदरानं झाकलेला. तिचं लक्षच नव्हतं. ती लेकराला खांद्यावर टाकून उठायला लागली, आणि मी पट्टा सांगितला. ती परत खाली बसली. सभा संपल्यावर माझा हात धरून रडली, आमच्या दुसऱ्या कार्यकर्तीसोबत केंद्रात गेली. आज ती सुखरूप आहे. तिचं भलं झालं, हे खरंच. पण परतीच्या बसमध्ये मी तेच एक धरून बसले होते, तिचं भलं झालं ना, मग झालं. दहा वेळा म्हटलं तरी मन मानेना. पोरीला काय होतं ते माहीत असून मी पुन्हा तिलाच पुढे केलं होतं.

बोरगावला न जाता मी सरळ होस्टेलवर गेले. सत्काराची शाल तशीच पिशवीत. ती खाली आली. आम्ही भिंतीजवळच्या बाकावर बसलो. मी म्हटलं, चुकलं माझं, तुला न विचारता तुझं सांगत फिरले, आता नाही सांगणार.

ती म्हणाली, की मैत्रिणी तिच्याशी फार चांगलं वागतात आता, न मागता चहा आणून देतात, आणि तो चहा तिच्या घशाखाली उतरत नाही. मग तिनं माझ्याकडे न पाहता सांगितलं.

"बाबानं पट्टा कधी मांगितलाच नाई, आई. मीच नेऊन देत होती."

मला काही कळेना. तो "पट्टा आण" म्हणायचा ते मला अजून ऐकू येतं, असं मी म्हणाले.

"नाई. तो तर चुलीच्या फुंकणीनं मारत होता. तुह्या हाताचं हाड मोडलं, तेव्हापासून मी फुंकणी लाकडांमागं लपवून ठेवत होती. त्याचा आवाज चढला का पट्टा घेऊन पयत जात होती. पट्ट्यानं हाड मोडत नाई, असं वाटे मले." मग म्हणाली, "अन् पिपा नव्हता. मी उडी मारून काढत होती."

माझा हात आपोआप मनगटाकडे गेला. पाठीमागून येणारं लेकरू आणि त्याच्या हातातला पट्टा, एवढंच मी तेव्हा पाहिलं होतं. बाकीचं मी रचलं. गावोगाव जाऊन, टाळ्या घेत, ज्या पोरीनं माझी हाडं वाचवली तिला मी मारकुट्याची मदतनीस करून ठेवलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुही काई चूक नव्हती बेटा. लेकराची कधीच चूक नसते."

तिनं पाठ बाजूला घेतली.

"हे तू माईकवर म्हणतं तसंच म्हणून राह्यली."

खरंच तसंच होतं. तोच सूर, शेवटी आवाज खाली आणलेला. दुसरं काही सुचतं का म्हणून मी चाचपडले. होतं ते एवढंच होतं.

"मले माहीत नव्हतं वं," मी म्हणाले.

"तू कधी इचारलंच नाई."

केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला मी आधी पाणी देते आणि म्हणते, तुझ्या तोंडून सांग, काय काय झालं. तासन् तास ऐकते. घरी रविवारी ती माझ्या पलंगावर ताट घेऊन बसायची, तेव्हा मी रस्सा कसा झाला ते विचारायची.