हाय तेवढंच वाच

निरोप आला तेव्हा मी बार्शीच्या कचेरीत चौघा कारकुनांना आमच्या कुंभारी गावच्या एका म्हशीची गोष्ट सांगत होतो. ही म्हैस ओढ्यात बसली की पाणी शेजारच्या गावात शिरत असे. गोष्ट ऐन रंगात आलेली आणि दारात सोलापूरहून आलेला आत्याचा शेजारी उभा. ‘चंद्राआत्या गेली,’ एवढंच तो म्हणाला. मी मान हलवली, म्हैस ओढ्यातून बाहेर काढली आणि मगच उठलो. लोक म्हणतील, काय हा माणूस! म्हणोत. काही झालं तरी तोंड थांबत नाही हा माझा जुना रोग आहे, आणि त्या रोगानं कुणाचं वाटोळं केलं ते सांगायला आज, आत्याला जाऊन सव्वा महिना झाल्यावर, बसलो आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि सोलापुरात एका गिरणीच्या रीळ खात्यात कामाला लागली. दिवसभर उभं राहून सुताची रिळं भरायची. मराठी चौथी झाल्यावर वडील मला औतामागं लावणार होते. ती कुंभारीला आली आणि म्हणाली, ‘आरं, ह्ये पोरगं बोलून बोलून बैलांस्नी येडं करंल. मी त्याला शाळंत घालते.’ बैल वाचले… आत्या सापडली.

इंग्रजी पहिलीत आमचे मास्तर नव्या पोरांना एकच नियम घालून देत. रोज संध्याकाळी मराठीच्या पुस्तकातला एक धडा घरच्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचा, ऐकणाऱ्यानं वहीत सही करायची. सही येत नसेल त्यानं अंगठा उठवायचा. समोर कुणी ऐकायला बसलं की पोराला अभ्यासाची सवय लागते, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. फक्त मास्तरांना माझी पुरती ओळख नव्हती.

आत्या कामावरून यायची ती केसांत कापसाचे तंतू घेऊन. हातपाय धुऊन उंबऱ्याशी बसायची, अंगठ्याला लावायला शेजारी चिमणीची काजळी. पहिलाच धडा होता उंटाचा. मला काही उंटात गोडी वाटेना. पुस्तक समोर धरलं, डोळे पानावर ठेवले आणि तोंडाला येईल ते वाचू लागलो. विलायतेत एक विहीर आहे, तिच्यात हाक मारली की उत्तर आठ दिवसांनी येतं… तिथले कोंबडे रविवारी आरवत नाहीत. आत्या तोंड उघडं टाकून ऐकायची. ‘लई शिकल्याली माणसं की,’ म्हणायची आणि अंगठा उठवायची. धड्यातलं एक अक्षरही न वाचता मिळवलेले असे वीस-पंचवीस अंगठे त्या वहीत होते.

एकदा ती फार दमून आली. खात्यात तिच्या शेजारी यल्लव्वा म्हणून बाई होती, सातवा महिना लागलेला. पाय सुजून खांबासारखे झाले तरी उभीच, असं आत्या सांगत होती. आत्याला बरं वाटावं म्हणून मी पुस्तक उघडलं आणि वाचलं की विलायतेच्या गिरण्यांत पोटुशी बाईला बसायला स्टूल देतात आणि बाळंतपणाला दीड महिना पगारी रजा, सरकारचा हुकूमच आहे तसा. तिनं ते तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या खेपेला मी स्टुलावर गादी घातली.

सकाळी ती पुस्तक घेऊन कामावर गेली. पानात खूण म्हणून सुताचा धागा. पुढचं मला खात्यातल्या बायकांनी सांगितलं. बायकांच्या कामावर देखरेख करणाऱ्या नायकिणीनं तिला खात्याच्या बाबूकडं नेलं, बाबूनं धाग्याचं पान उघडून मोठ्यानं वाचलं : उंटाच्या पाठीवर मदार असते. सगळं खातं हसलं, यल्लव्वासुद्धा हसली. आत्या म्हणाली, पान चुकलं असंल.

संध्याकाळी तिनं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. ‘नाम्या, ते स्टुलाचं कंच्या पानावर हाय, दाव.’

खरं बोलायला तेवढी एकच वेळ होती. मी चार पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं… ‘हे.’ तिनं धागा तिथं नीट घातला.

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच घरी आली. त्या पानावरही स्टूल निघालं नाही; सरकारच्या नावानं खोटं सांगून बायका बिघडवते, असं म्हणून बाबूनं तिला काढून टाकलं होतं. यल्लव्वा शेवटच्या दिवसापर्यंत उभीच राहिली.

शाळेतून आलो तेव्हा आत्या भिंतीला टेकून बसली होती. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, ‘पुस्तकात स्टूल न्हाईच, व्हय रं?’ मी नाही म्हणून मान हलवली. तिनं पुस्तकातला धागा काढून बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, ‘मला वाटलं, छापल्यालं हाय म्हंजे मागायला हरकत न्हाई.’

त्या दिवसापासून ती घरी सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळू लागली आणि मी तिच्यासमोर शब्दाखाली बोट ठेवून वाचू लागलो. ‘हाय तेवढंच वाच,’ असा दंडक. तिला अक्षर कळत नव्हतं, पण बोट थांबलं आणि तोंड पुढं गेलं की तिचा हात थांबायचा. वर्षअखेर वर्गात माझं वाचन पहिलं आलं. घरी ऐकणारं माणूस कसं असावं म्हणून मास्तरांनी आत्याचं नाव साऱ्या पोरांना सांगितलं. मी पाटीकडं बघत होतो.

पुढं काही वर्षांनी वर्तमानपत्रात आलं, गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देण्याचा कायदा झाला. मी धावत घरी गेलो. बोट ठेवून, एक शब्द इकडचा तिकडं न करता, सगळं वाचलं. आत्यानं ऐकून घेतलं. कागद घडी घालून हातात घेतला आणि शेजारी गेली. तिथं गोदी म्हणून तिसरीतली पोर होती. भिंतीपलीकडून मला तिचा आवाज ऐकू येत होता, अडखळत, शब्द फोडत ती तेच वाचत होती. आत्या परत आली. ‘खरं हाय,’ एवढंच बोलली आणि सूप पुढं ओढलं.

आता मी नोकरीत आहे, रोज ढीगभर कागद वाचतो. अजून बोट ओळीखाली गेल्याशिवाय वाचता येत नाही. कचेरीतले हसतात, मीही त्यावर एखादी थाप रचून त्यांना आणखी हसवतो. पण ओळ संपली की बोट तिथंच राहतं… मी वाचलेलं हातात घेऊन ते खरं का, म्हणून शेजारी विचारायला जाणारं माणूस आता राहिलं नाही.