आप्पांचा एकच नग

टूलरूममधले फिटर आप्पा मायक्रोमीटर हातात घेण्याआधी डोळे मिटून जॉबवरून, म्हणजे घासून तयार केलेल्या भागावरून, अंगठा फिरवत. "हितं जरा चढ हाय," म्हणत, आणि मी मोजून बघावं तर चढ असायचाच. ताथवड्याच्या कॉलेजातून डिग्री घेऊन मी चाकणच्या त्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लागले, तेव्हा मला त्या अंगठ्याचा राग यायचा. चार वर्षांचं शिक्षण फुकट गेल्यासारखं वाटायचं.

आप्पा मूळचे मोशीचे. जमिनी प्लॉटिंगमध्ये गेल्या, भाऊबंद मोठ्या गाड्या उडवू लागले. हे मात्र कानसच घासत राहिले. त्यांचा एक दंडक होता. इन्स्पेक्टरच्या सहीचं हिरवं 'ओके' स्टिकर लागलं, की फिटरने त्या जॉबला हात लावायचा नाही. कुणी लावलाच तर ओरडत, "सही झाली न्हवं? मग तुजा संबंध संपला!"

जेवणाच्या सुट्टीत ते मोबाइलवर एकच विमान बघत. रशियाचं प्रायोगिक लढाऊ जेट, बर्कुट. बर्कुट म्हणजे सोनेरी गरुड, हेही त्यांनीच सांगितलं. "आपन शिफ्टला हजार नग काढतो. त्यांनी एकच काढला, आन् उडवला बी!" मग पंखांची गंमत सुरू व्हायची. वारा टोकाला कसा पीळ घालतो, तो सोसायला आतले थर कसे तिरपे बसवलेत. "कळलं का, मॅडम?"

"हो आप्पा," मी म्हणायचे. खरं तर माझं लक्ष माझ्या फोनमध्ये असायचं.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं विमान माझ्या टेबलावर ठेवलं. ॲल्युमिनियमच्या उरलेल्या तुकड्यांतून आठ महिने घासून केलेलं, वीतभर. "दोन्ही पंखांचा अँगल सारखा हाय का, तेवढं तपासा. अंगठ्याचा आता भरवसा न्हाई." त्यांना पहिल्यांदाच माझी गरज पडली होती. मी हुरळून गेले.

अँगल तंतोतंत सारखे होते. पण पंख मागे जायच्या ऐवजी पुढे झुकलेले. उलटे बसलेले पार्ट पकडणं हेच तर माझं रोजचं काम. आप्पा थकले, असं वाटून मला त्यांची कीव आली. स्क्रू काढून मी डावा पंख उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला, पोटाला हिरवं स्टिकर लावलं आणि सही ठोकली.

निरोपसमारंभात विमान देताना मी माइकवर हसत सांगितलं, "आप्पा, पंख उलटे बसले होते. मी सरळ केलेत." मागून कुणीतरी ओरडलं, "राव, शेवटच्या दिवशी आप्पांचा जॉब रिजेक्ट!" सगळा हॉल हसला. मीही हसले. आप्पांनी डोळे मिटून पंखावरून अंगठा फिरवला. मग पोटावरचं स्टिकर बघितलं. "बरं झालं तुमी बघितलं," एवढंच म्हणाले.

काही महिन्यांनी चहा पिता पिता तेच जेट माझ्या मोबाइलवर आलं. त्याचे पंख पुढेच झुकलेले होते. मुद्दाम. सगळी करामत तीच होती आणि तीच आप्पा मला रोज सांगत होते. मला इतकी लाज वाटली, की फोन करायचा धीरच झाला नाही. आज करू, उद्या करू म्हणता वर्ष गेलं आणि कंपनीच्या ग्रुपवर हार घातलेला आप्पांचा फोटो आला.

तेरावं झाल्यावर मोशीला आप्पांच्या घरी, काकूंना भेटायला गेले. पर्समध्ये छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला होता. विमान टीव्हीशेजारी होतं, पंख मी बसवले तसेच.

"काकू, आप्पांनी हे परत कधी खोललं नाही?"

"एकदा घेतलं हुतं खोलायला. लई येळ हातात धरून बसले. मग म्हनले, न्हाई, मॅडमची सही झालीय." त्यांनी विमान उलटं करून मला दाखवलं. "येनाऱ्याजानाऱ्याला ह्येच दावायचे बगा. म्हनायचे, माजा शेवटचा जॉब, ओके हाय."

माझं चुकलं होतं, एवढं म्हणायला मी तोंड उघडलं. पण काकू पदराने ते स्टिकर पुसत होत्या.