उघाडीचा जाब

वरच्या गावाने आम्हाला फसवलं. त्यांच्या शेतात पावसाचं पाणी तुंबलं, म्हणून त्यांच्यापैकी कोणीतरी येऊन आमच्या खारबांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची लाकडी दारं, उघडली आणि भरतीआधी लावली नाहीत. खाडी शेतात शिरली. मी तेव्हा लहान होतो. आईने लावलेला आवा, म्हणजे भाताची रोपं, डोळ्यांदेखत करपला आणि पुढे कित्येक वर्षं त्या जमिनीत भात झालं नाही. वर तेच म्हणाले, "तुमच्याच फळ्या कुजल्या होत्या."

तेव्हापासून दोन्ही गावांचं येणं-जाणं बंद. मी मिठाच्या गोणी पेणपासून रोह्यापर्यंत विकून वर आलो, पण त्या गावचं गिऱ्हाईक दिसलं की मुद्दाम भाव चढा सांगायचो. तेही हट्टाने दुसऱ्याकडून मीठ घ्यायचे.

मग एका भादव्यात उधाणाने बांधाला खांड पडली. आमची निम्मी पोरं डोलवीच्या कारखान्यात शिफ्टवर. असलेले आम्ही चिखल लोटत होतो, तेवढ्यात बांधावरून वरच्या गावचे लोक येताना दिसले. बोलावलं कोणी नव्हतं. प्रत्येकाच्या डोक्यावर पेंढ्याचा भारा. त्यांचा एक म्हातारा सरळ कमरेइतक्या पाण्यात उतरला. माझं डोकं फिरलं.

"आधी सांगा, उघाडी कोणी उघडली होती?"

"आदी तो भारा दे रं," म्हातारा ओरडला. "भरती काय तुज्या भांडनासाठी थांबनार हाय?"

आमचेच लोक हसले. मी भारा दिला. पेंढा आणि चिखल थरावर थर दाबत खांड बुजवली.

खांडीत चिखल टाकणाऱ्याला त्या दिवशी जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. आईने अंगणात पंगत मांडली. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण. म्हाताऱ्याला म्हणाली, "जेव रं दादा, लाजू नको." मी भिंतीकडे तोंड करून बसलो.

"पावसालीचा गुरांच्या तोंडचा पेंढा आनला त्यांनी," आई मला म्हणाली. "आजून काय पायजे तुला?"

आता दर थंडीत ते आम्हाला पोपटीला, मडक्यात भाजलेल्या शेंगा खायला, बोलावतात. त्यांच्या वालाच्या शेंगांना तोड नाही, हे मला नाकारता येत नाही. जाळ विझला, मडकं फुटलं की मी उघाडीचं विचारतो. म्हातारा गरम शेंगांची ओंजळ माझ्यापुढे ओततो. "खा. थंड व्हतील."

म्हाताऱ्यावर माझा जीव आहे. त्याच्या नातीच्या लग्नात मी वाढायला होतो. पण पेंढा खांडीसाठी आला होता, उघाडीसाठी नाही. आई आता थकली आहे. तिने माफ केलं, मी नाही. वरच्या गावकऱ्यांनो, यंदा पोपटीला तिला हाताला धरून तुमच्या खळ्यात आणणार आहे. तिच्यासमोर तुमच्यापैकी एकाने उभं राहून सांगायचं: दारं कोणी उघडली, आणि लावली का नाहीत?